मिलान कुंदेरा यांची गाजलेली कादंबरी : विचार भरपूर, माणसे अपुरी

मिलान कुंदेरा यांची ‘द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग’ ही चेक भाषेत लिहिलेली कादंबरी १९८४ साली प्रथम फ्रेंच अनुवादाच्या रूपाने प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून चिंतनशील कादंबऱ्यांची चर्चा तिच्या उल्लेखाशिवाय क्वचितच पुरी होते. आरंभीच जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची शाश्वत पुनरावर्तनाची, म्हणजे सारे काही अनंत वेळा पुन्हा घडत राहते ही कल्पना येते. ती खरी नसेल आणि जे एकदाच घडते ते न घडल्यासारखेच असेल, तर आपल्या निर्णयांना वजन कशाचे? प्रश्न मोठा आहे आणि कुंदेरा तो विलक्षण नेमकेपणाने मांडतात. माझी निराशा सुरू झाली ती पात्रांपाशी.

प्रागमधला शल्यचिकित्सक टोमास एका म्हणीतून जन्मला आणि त्याची पत्नी तेरेझा पोटाच्या गुरगुरण्यातून, असे निवेदक स्वतःच सांगून टाकतो. या प्रांजळपणाचे चाहते पुष्कळ आहेत. मला मात्र ती पळवाट वाटते. पात्र कल्पित असते हे कोणत्या वाचकाला ठाऊक नसते? जन्मल्यावर ते लेखकाचे बोट सोडून चार पावले तरी चालते का, एवढेच वाचकाला पाहायचे असते.

सर्वांत मोठा अन्याय तेरेझावर झाला आहे. आरशात स्वतःचा आत्मा शोधणे, टोमासच्या बाहेरख्यालीपणामुळे पडणारी भयंकर स्वप्ने, एका अभियंत्याशी आलेला संबंध, हे सारे शरीर आणि आत्मा यांच्या द्वैताचे दाखले म्हणून येते आणि दाखला देऊन झाला की प्रसंगही आटोपतो. अपवाद एकच. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरतात तेव्हा ती कॅमेरा घेऊन रस्त्यांवर हिंडते, आणि त्या धोक्याच्या दिवसांत ती सुखी असते. पुढे झुरिकमध्ये तिला ऐकवले जाते की छायाचित्रे चांगली असली तरी त्यांची वेळ टळून गेली आहे. त्यांऐवजी निवडुंगाची छायाचित्रे काढण्याचे सुचवले जाते. या एका अपमानावर अख्खी कादंबरी उभी राहिली असती. कुंदेरा तो थोडक्यात उरकतात आणि तेरेझाला पुन्हा तिच्या जुन्या कोड्यात नेऊन बसवतात.

टोमासची प्रेयसी, चित्रकार साबिना आणि तिचा दुसरा प्रियकर फ्रान्झ यांच्यातल्या गैरसमजांचा जो छोटा शब्दकोश मध्ये येतो, तो वाचताना बुद्धीला मेजवानीच मिळते. पण ते दोघे त्या कोशातल्या नोंदींपलीकडे फारसे जात नाहीत.

सहाव्या भागात कुंदेरा ‘किच’वर तुटून पडतात. जगण्यातले जे जे गैरसोयीचे ते नजरेआड करणारी वृत्ती म्हणजे किच, असे त्यांचे प्रतिपादन आहे आणि मला ते पटते. मात्र तीच कसोटी या कादंबरीला लावली, तर सिद्धान्तात न बसणारे पात्रांचे जगणे लेखकानेही असेच दृष्टीआड केलेले दिसते. टोमासच्या मुलाचेच पाहा : बापाने टाकलेला हा मुलगा मोठेपणी समोर येतो, पण त्याच्या वाट्याला एक राजकीय पेच आणि काही पत्रे यांपलीकडे फारसे काही येत नाही.

अखेरच्या भागात कारेनिन हा कुत्रा कर्करोगाने मरतो. तिथेही प्राण्यांना यंत्र मानणारा तत्त्वज्ञ देकार्त येतो, तुरिनमध्ये घोड्याच्या गळ्यात पडणारा नीत्शे येतो. पण त्या पानांत विचार प्रसंगामागून चालतो, त्याला पुढून ओढत नाही. टोमास आणि तेरेझा बागेत कारेनिनला पुरतात तेव्हा ती दोघे मला प्रथमच जिवंत माणसे वाटली. सात भागांच्या कादंबरीत त्यासाठी सातव्या भागापर्यंत थांबावे लागते, हीच माझी तक्रार आहे.