किनोसाकीचा रियोकान : गोव्याहून जाणाऱ्यांसाठी एक परीक्षण

जपानच्या ग्रामीण भागात उष्ण झऱ्याकाठची पारंपरिक निवासगृहे आहेत. तिथे त्यांना रियोकान म्हणतात. त्यांपैकी एखादे निवडायला बसलेल्या गोव्याच्या माणसाची पहिली गफलत दरपत्रक वाचतानाच होते. कळंगुटपासून पाळोळेपर्यंत आपल्याला खोलीचा दर ठाऊक असतो. माणूस वाढला तर एक गादी वाढते आणि थोडे पैसे वाढतात. रियोकानचा दर मात्र माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. मध्यम प्रतीच्या ठिकाणी एका रात्रीला माणशी साधारण १५ ते ३० हजार येन पडतात. येनला पंचावन्न-साठ पैसे धरले, तर चौघांच्या कुटुंबाचा एका रात्रीचा खर्च पस्तीस हजार रुपयांच्या खाली क्वचितच येतो. स्नानकर वेगळा, पण तो बहुतेक गावांत माणशी १५० येनच असल्यामुळे त्याची चिंता नको. या रकमेत खोलीचा वाटा थोडा असतो, पैसा मुख्यतः जेवणाला, पाण्याला आणि ते दोन्ही वेळेवर हाती देणाऱ्या माणसांच्या कष्टांना जातो. म्हणून खोलीची छायाचित्रे पाहून रियोकान ठरवणे मला चुकीचे वाटते. आधी पाणी पाहावे, मग जेवण, आणि खोली सर्वांत शेवटी.

आम्ही वृद्ध आईसह निवडलेले गाव किनोसाकी. ते ह्योगो प्रांतात, जपानच्या समुद्राकडच्या बाजूला आहे आणि क्योतोहून थेट रेल्वेने सुमारे अडीच तासांत गाठता येते. स्थानकातून बाहेर पडले की गाव सुरू होते, रस्ता सपाट आहे, मधून ओतानी ही लहानशी नदी वाहते आणि तिच्या काठाने वाळुंजाची झाडे आहेत. १९२५च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हे गाव जवळजवळ नष्ट झाले होते. आज दिसणारी लाकडी घरे त्यानंतरच्या पुनर्बांधणीची आहेत, त्यामुळे ‘शेकडो वर्षांची वास्तू’ अशी अपेक्षा ठेवून इथे येऊ नये. तेवढ्या प्राचीनतेची हौस असणाऱ्यांसाठी यामानाशी प्रांतात इ.स. ७०५मध्ये स्थापन झालेले केइउन्कान आहे. जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तिथला दरही अर्थातच त्या नोंदीला साजेसा आहे.

किनोसाकीचे वेगळेपण गावातल्या सात सार्वजनिक स्नानगृहांत आहे. गावात मुक्काम करणाऱ्या पाहुण्याला निवासगृहाकडून प्रवेशपत्र मिळते आणि ही स्नानगृहे त्याला विनामूल्य होतात. त्यामागे एक जुने भांडणही आहे. भूकंपानंतर १९२७मध्ये एका निवासगृहाने आपल्या आवारातच स्नानकुंड बांधले. झऱ्याचे पाणी साऱ्या गावाचे आहे, असे म्हणत गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले आणि खटला १९५०पर्यंत चालला. शेवटी निवासगृहांनी आत लहान कुंडे ठेवावीत आणि मोठी स्नानगृहे गावाची राहावीत, अशी तडजोड झाली. कोमुनिदादीच्या जमिनीवरून आणि देवस्थानच्या हक्कांवरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालवणाऱ्या आपल्या गावांना ही हकीकत परकी वाटू नये. परीक्षणाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, किनोसाकीत निवासगृहातील कुंड किती मोठे आहे यावरून निवड करण्यात हशील नाही. ते लहानच असणार. पाहुण्याने युकाता, म्हणजे सुती अंगरखा, घालून पायांत लाकडी खडावा अडकवायच्या आणि एका स्नानगृहातून दुसऱ्यात जायचे, हीच इथली संध्याकाळ आहे.

सातांपैकी गोशो-नो-यू सर्वांत देखणे आहे. त्याच्या उघड्या कुंडामागे धबधबा आहे, आणि म्हणूनच तिथे गर्दीही सर्वांत जास्त. इचि-नो-यूचे गुहेतले कुंड मला अधिक आवडले. मांदारा-यूची कथा सांगते की, दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस जप केल्यावर इ.स. ७२०मध्ये तिथे झर फुटली. तीर्थाच्या उगमाच्या आपल्याकडच्या कथा ऐकलेल्याला तिच्यात ओळखीचे बरेच सापडेल. सकाळी दार उघडताच पहिल्या शिरणाऱ्या पुरुषाला आणि स्त्रीला आठवण म्हणून एक फळी देतात, आणि त्या फळीसाठी सभ्य दिसणारी माणसे पहाटे थंडीत रांगेत उभी असतात. प्रत्येक स्नानगृह आठवड्यातून एक दिवस बंद असते. आपल्या मुक्कामाच्या दिवशी कोणते बंद आहे हे आधी पाहून घेतलेले बरे.

स्नानाचे नियम कडक आहेत. पुरुष आणि स्त्रियांची कुंडे वेगळी असतात, आत कोणतेही वस्त्र चालत नाही, कुंडात उतरण्यापूर्वी बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते आणि लहान पंचा पाण्यात बुडवायचा नसतो. कोकणात तुरळला किंवा उन्हवऱ्याला गरम कुंडावर गेलेल्यांना अंगावर कपडे ठेवून उतरण्याची सवय असते. केसरव्हाळच्या झरीवरही आपण तसेच जातो. तेव्हा हा संकोच खरा आहे आणि कुटुंबात त्याविषयी निघण्याआधीच बोलून घ्यावे. ज्यांना तो ओलांडायचा नसेल त्यांनी ‘काशिकिरी’ म्हणजे तासाभरासाठी राखून घेता येणारे खाजगी कुंड असलेले निवासगृह निवडावे. आम्ही उतरलो तिथे असे कुंड होते आणि आईने फक्त तेच वापरले. अंगावर गोंदण असल्यास जपानात अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात, परंतु किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत ती अडचण येत नाही. बेळगावापासून बांद्यापर्यंतच्या आजींच्या हातांवरचे हिरवे गोंदण आठवता हा मुद्दा केवळ तरुणांचा नव्हे. पाणी ४० ते ४३ अंशांच्या आसपास असते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी एका वेळी दहा मिनिटांहून अधिक बसू नये आणि मद्य घेऊन तर मुळीच उतरू नये.

पाण्याबद्दल मात्र मी किनोसाकीला पैकीच्या पैकी गुण देणार नाही. ते स्वच्छ, किंचित खारट आणि बिनवासाचे आहे. सर्व झऱ्यांचे पाणी एकत्र करून गावभर नळांनी पुरवले जाते आणि स्नानगृहांत ते गाळून, जंतुनाशक घालून पुन्हा फिरवले जाते. यात बेकायदा काही नाही. १९४८च्या जपानी कायद्यानुसार उगमाशी पाणी २५ अंश असले, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात त्यात असला, तरी ते उष्ण झऱ्याचे पाणी ठरते. २००४मध्ये नागानो प्रांतातील शिराहोने येथे पांढरेपणा टिकवण्यासाठी कुंडांत भुकटी मिसळली जात असल्याचे उघड झाले आणि देशभर गहजब झाला. त्यानंतर पाण्यात भर घातली आहे का, ते तापवले आहे का, फिरवले आहे का, हे सांगणारा फलक लावणे बंधनकारक झाले. कपडे बदलण्याच्या खोलीत हा फलक असतो, आणि जपानी येत नसली तरी फोनमधील भाषांतराच्या सोयीने तो वाचता येतो. ज्या ठिकाणी उगमाचे पाणी न फिरवता सतत कुंडात सोडले जाते, ती ठिकाणे ‘गेन्सेन काकेनागाशी’ हे शब्द आपल्या जाहिरातीत ठळकपणे मिरवतात. पाण्यासाठीच जायचे असेल तर या शब्दांचा शोध घ्यावा.

अशांनी उत्तरेकडे आकिता प्रांतात न्यूतो गाठावे. तिथे डोंगरात मोजकीच निवासगृहे विखुरलेली आहेत आणि त्सुरुनोयूचे दुधाळ पाणी छायाचित्रांतही ओळखू येते. मात्र तिथल्या मोठ्या उघड्या कुंडात स्त्री-पुरुष एकत्र असतात, हे जाणून जावे. गुन्मा प्रांतातील कुसात्सूचे पाणी इतके आम्ल आहे की, त्याचा सामू २च्या आसपास भरतो आणि डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते. गंधकाच्या अशा पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी आणि पैंजण खोलीतच काढून ठेवावेत.

आता जेवण. गोव्याच्या वाचकाने सर्वाधिक विचार याचाच करायला हवा. किनोसाकीच्या परिसराला ताजिमा म्हणतात आणि कोबे बीफ म्हणून जगभर विकले जाणारे गोमांस याच ताजिमा वंशाच्या गुरांचे असते. त्यामुळे इथल्या जवळजवळ प्रत्येक रियोकानच्या जेवणात एक पदार्थ गोमांसाचा येतो, आणि तो येथील अभिमानाचा भाग असल्यामुळे न विचारता येतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावे. पानावर बसल्यावर सांगितले तर पदार्थ काढून घेतील, पण त्याच्या जागी दुसरे काही देणे स्वयंपाकघराला जमेलच असे नाही. आम्ही आधी कळवले होते आणि गोमांसाऐवजी मिळालेला भाजलेला मासा त्या रात्रीचा सर्वोत्तम पदार्थ ठरला.

शिवराक खाणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट आहे. सोमवार पाळणाऱ्या घरांतून आपण एक दिवस नुस्ते बाजूला ठेवतो, परंतु जपानी स्वयंपाकात नुस्ते दिसत नसतानाही असते. मिसो सूप, वाफवलेले अंड्याचे चावानमुशी, मंद शिजवलेला मुळा किंवा भोपळा, या सर्वांचा पाया दाशी हा रस्सा असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाच्या कातळ्यांपासून करतात. ‘भाज्या चालतात’ एवढे सांगून भागत नाही. माशाचा रस्साही नको, असे स्पष्ट लिहावे लागते आणि मग कित्येक निवासगृहे नम्रपणे नकार कळवतात. तो नकार प्रामाणिक मानावा. कडक शिवराक मंडळींना मी किनोसाकी सुचवणार नाही. त्यांनी वाकायामा प्रांतातील कोयासान या तीर्थक्षेत्री मठात उतरावे. कूकाई या आचार्याने इ.स. ८१६मध्ये वसवलेल्या त्या पर्वतावर सुमारे ५० मठ पाहुण्यांना ठेवून घेतात आणि त्यांच्या जेवणात मांस-मासळीच नव्हे, तर कांदा-लसूणही नसतो. रस्सा समुद्री शेवाळ आणि सुक्या अळंब्यांचा करतात. तिथे बहुतेक ठिकाणी स्नानाचे पाणी साधे तापवलेले असते, एवढी तडजोड करावी लागते.

मासळी खाणाऱ्या गोंयकारासाठी मात्र किनोसाकी हे भाग्याचे ठिकाण आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चपर्यंत इथे मात्सुबा कुर्ल्यांचा हंगाम असतो. कोणत्या बंदरात उतरली ते सांगणारी पट्टी कुर्लीच्या नांगीला बांधलेली असते. ती कच्ची, भाजलेली आणि रश्श्यात उकळलेली अशी एकामागून एक येते, आणि शेवटी त्याच रश्श्यात भात घालून झोसुई करतात, जी आपल्या पेजेची श्रीमंत बहीण शोभावी. तिखट, नारळ, कोकम यांतले काहीच नसल्यामुळे पहिले काही घास फिके लागतात. तिसऱ्या पदार्थापर्यंत मला कुर्लीची स्वतःची गोडी कळू लागली. आपण हुमणात ती बऱ्याचदा झाकून टाकतो, असे माझे मत झाले. घरात ते कोणालाही पटलेले नाही. या हंगामात पूर्ण कुर्लीच्या जेवणाचा दर नेहमीच्या दीडपट-दुप्पट होतो. त्याऐवजी साधे जेवण घेऊन एक कुर्ली वेगळी मागवणे परवडते.

खोलीविषयी फार सांगण्यासारखे नाही. चटयांची जमीन, बुटके टेबल आणि आपण जेवायला गेल्यावर कोणी तरी येऊन अंथरून ठेवलेल्या गाद्या. आमच्या निवासगृहात उद्‌वाहक नव्हता आणि भिंती पातळ होत्या. शेजारच्या खोलीतील खोकला ऐकू येई. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी तळमजल्याची खोली, खुर्ची आणि शक्य असल्यास खाट मागावी. जुन्या लाकडी घरांत शौचालय सामायिक असू शकते, हेही आरक्षणाच्या पानावर नीट तपासावे. सेवा अत्यंत तत्पर होती आणि बक्षिशी कोणी घेत नाही.

वेळ पाळणे मात्र अटळ आहे. खोली दुपारी तीननंतर मिळते, जेवण सहा-साडेसहाला सुरू होते, आणि सातला पोहोचणाऱ्याला ते मिळेलच याची हमी नसते. रात्री नऊला जेवणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जाते, म्हणून त्या दिवशी दुपारचे जेवण हलके ठेवावे आणि मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या शहरातील हॉटेलवर पाठवून द्याव्यात. मे महिन्याच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंतचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा साऱ्या जपानलाच सुट्टी असते आणि दर व गर्दी दोन्ही शिगेला पोहोचतात. चतुर्थीच्या सुमारास वादळांचे दिवस असतात. दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. शनिवारची रात्र सोडून आठवड्याच्या मधल्या दिवशी गेल्यास तीच खोली बरीच स्वस्त मिळते.

मोपा किंवा दाबोळीहून मुंबई-दिल्लीमार्गे इतका प्रवास करून एकाच रात्रीचा मुक्काम करणे मला पटत नाही. माझा सल्ला असा की, महागड्या रियोकानमध्ये एक रात्र काढण्याऐवजी मध्यम प्रतीच्या ठिकाणी दोन रात्री घ्याव्यात. पहिल्या रात्री पूर्ण जेवण घ्यावे आणि दुसऱ्या रात्री फक्त न्याहारीचा दर निवडावा. सलग दोन रात्री दहा-बारा पदार्थांचे जेवण पोटाला आणि खिशाला दोन्हींना सोसत नाही. दुसऱ्या संध्याकाळी गावातील लहान उपाहारगृहात बसता येते, मात्र ती लवकर बंद होतात आणि त्यांत जागा थोड्या असतात, म्हणून सकाळीच निवासगृहाच्या मालकिणीला सांगून जागा राखून घ्यावी.