एफडी मोडू की तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून, लागेल तेवढं उचलायचं कर्ज) घेऊ?
दादरच्या एका फर्निचर कंत्राटदाराचा प्रश्न. नवी कामं थंडावलीत, पण कारागिरांची मजुरी थांबत नाही.

मोडली तर बहुतेक बँका व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात. दरही ठेव जितके दिवस राहिली तितक्याच मुदतीचा लागतो. ओव्हरड्राफ्टला एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, पण उचललेल्या रकमेवर, तेवढ्याच दिवसांचं. धोका एकच, उचलायची मर्यादा ही आपलीच कमाई वाटू लागते. (पाच वर्षांची करबचतीची एफडी असेल तर दोन्ही दारं बंद.)

बिल अडकलंय, महिना-दोन महिन्यांत सुटेल? ओव्हरड्राफ्ट घ्या. हातात कामच नाही आणि पैसा घरखर्चालाच जाणार असेल, तर सरळ मोडा. ठेवी छोट्या-छोट्या असतील तर एकेक करून.