सुरतचा दावा: इकडं हलवून घ्यावा की तिथंच लढावा?

सुताच्या बाकीसाठी सुरतच्या कोर्टाचं समन्स आलं, तेही आमच्या इचलकरंजीच्या बेलिफाच्या, म्हणजे कोर्टाच्या शिपायाच्या हातून. सोबत गुजरातीतला दावा. 'घेऊच नका' असं दोघांनी सुचवलं. पण नाकारलं तरी बजावणी झाली असंच कोर्ट धरतं, म्हणून सही केली आणि तारीख लिहून ठेवली. कारण उत्तर द्यायचे दिवस तिथूनच मोजायचे.

पुढं वाटा दोन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली सुप्रीम कोर्टात अर्ज करून दावा महाराष्ट्रात आणायचा, किंवा सुरतलाच वकील देऊन कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायची.

पहिली वाट ऐकायला गोड. एकदा दावा इकडं आला की पुढच्या सगळ्या तारखा घरच्या. माझाही ओढा तिकडंच होता. पण दिल्लीच्या वकिलांना मी एकच विचारलं, "अर्जाचा निकाल लागेपर्यंत सुरतला काय?" ते म्हणाले, "तिथं वकील द्यावाच लागेल." म्हणजे स्थगिती मिळेपर्यंत सुरतचं काम चालूच, आणि ती आपोआप मिळत नाही. दोन गावांत दोन वकील, दोन फिया, आणि कैफियतीची मुदत काही दिल्लीकडं बघत थांबत नाही. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

मुदत म्हणजे 30 दिवस. साध्या दाव्यात कोर्ट 90 पर्यंत वाढवतं, त्यापुढंही क्वचित सैल सोडतं. आमचा मात्र वाणिज्य दावा, म्हणजे व्यापारी व्यवहाराचा. त्यात 120 दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो. आमच्या पेठेतले एक कारखानदार दिल्लीच्या भरवशावर राहिले आणि तिकडं मूळ कोर्टात दावा एकतर्फी चालला. तो हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, रद्द करून घेण्यात त्यांची जी दमछाक झाली, ती मी जवळून पाहिलीय.

शिवाय जुनी बिलं काढली, तर प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं: 'न्यायक्षेत्र सुरत', म्हणजे वाद झाला तर तो सुरतच्या कोर्टात. दहा वर्षं ती बिलं फाइलला लावली, ती ओळ कधी वाचली नव्हती! माल सुरतहूनच निघालेला, त्यामुळं ती ओळ अगदीच पोकळ म्हणता येईना. तुमच्या बिलावर ती नसेल आणि व्यवहार इकडंच झाला असेल, तर न्यायक्षेत्राची हरकत घ्या. पण ती कैफियतीतच घ्या, कोर्टानं वादाचे मुद्दे ठरवल्यावर फारसं कुणी ऐकत नाही.

तिथल्या वकिलाचाही ताप आहेच. फोन उचलत नाहीत. प्रतिज्ञापत्र इथं नोटरी करून कुरिअरनं पाठवायचं. तारखेच्या संध्याकाळी मीच कोर्टांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) टाकून बघतो. पण दिवाणीत वकीलपत्र दिलं की दर तारखेला स्वतः जावं लागत नाही, हे फार मोठं सुख.

वैवाहिक वादात, विशेषतः बायकोचा अर्ज असेल, तर दिल्लीची वाट बरी ठरावी. तिथं सुप्रीम कोर्ट तिची अडचण बघतं. धनादेशाची केस फौजदारी, तिचं गणित वेगळं. उधारीच्या दाव्यात मात्र, माझं चुकतही असेल, मी आधी सुरतचं वकीलपत्र भरीन.

दोन वर्षांत मी सुरतला एकदाच गेलो, माझ्या उलटतपासाला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.