उद्यमनगरातील गॅरेजचा अनुभव: दोष गिअरबॉक्सचा नव्हताच

माझी सहा गिअरची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी दिवाळीपासून नीट चालत नव्हती. तिसऱ्यावरून चौथा गिअर पडायला उशीर होई, पडताना पाठीला धक्का जाणवे, आणि कागलच्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला पूर्वी दोन हजारांच्या आत राहणारा आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा आता २,४०० च्या आसपास दिसे. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असे मोजलेले ॲव्हरेज १३ वरून साडेनऊवर आले होते.

आधी मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. त्यांनी ती दिवसभर ठेवून घेतली, मधूनमधून लागणारा चेक इंजिनचा दिवा घालवला आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगून ८५ हजार रुपयांचा अंदाज हातात ठेवला. दिवा कशामुळे लागत होता, हे मात्र तेथे कोणालाच सांगता आले नाही. एवढा खर्च करण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे म्हणून मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान गॅरेजकडे गेलो, आणि हा अभिप्राय त्या गॅरेजविषयी आहे.

मिस्त्रींनी आल्याआल्या पाना हातात घेतला नाही. गाडी कधी धक्का देते, थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीला, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतले. मग चारही चाके उचलून हाताने फिरवून ब्रेक धरत नाहीत ना याची खात्री केली, टायरमधील हवा तपासली आणि गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर जोडून मला शेजारी बसवून कावळा नाक्यामार्गे महामार्गावर शिरोलीकडे गाडी काढली. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान शहरातील गर्दीत ७४ अंशांपर्यंत गेले. पण महामार्गावर रेडिएटरला वारा लागताच ते उतरू लागले आणि ६१ वर येऊन थांबले. “साहेब, गिअरबॉक्सला हात लावायचा न्हाय अजून. इंजिनच गरम होईना झालंय,” असे ते म्हणाले. परतल्यावर स्कॅनरवर पी०१२८ हा कोड पुन्हा उमटलेला होता आणि त्याचा अर्थच मुळी कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही असा आहे.

कूलंटचा आणि गिअरचा संबंध मला तोवर ठाऊक नव्हता. इंजिन थंड आहे असे कळले की ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, पेट्रोल जास्त सोडतो. गिअर वरचा टाकायला मुद्दाम उशीर करतो, जेणेकरून इंजिन लवकर तापावे. आणि इंजिनची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉकअप क्लच लागू देत नाही. हा क्लच लागला की इंजिन आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. माझ्या गाडीत स्कॅनरवर या दोन आकड्यांमध्ये महामार्गावरही सुमारे ३०० फेऱ्यांचा फरक दिसत होता, म्हणजे तेवढी शक्ती तेलातच घुसळून उष्णतेच्या रूपाने वाया जात होती.

मग त्यांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून उजेडासमोर धरला, तेव्हा त्याच्या झडपेच्या कडेने चंद्रकोरीएवढी फट स्पष्ट दिसली. गंजाचा एक पापुद्रा अडकून झडप कायम अर्धवट उघडी राहिली होती. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी त्यांनी तो पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावून तपासला. ८२ अंशांच्या पुढे तो हळूहळू उघडताना मी स्वतः पाहिला. सुटा भाग नवा आहे म्हणजे चांगलाच असणार असे गृहीत न धरणारा मिस्त्री मला प्रथमच भेटला.

गिअरबॉक्सचे तेलही त्यांनी तपासले. ९० हजार किलोमीटरनंतर ते लालऐवजी गडद तपकिरी झाले होते, पण त्याला जळका वास नव्हता आणि पॅनमधील चुंबकावर करडी मऊ पेस्ट होती, धातूचे तुकडे नव्हते. एका वेळी साधारण निम्मेच तेल निघते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून ३०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तेल बदलले. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच वापरला. सीव्हीटी किंवा एएमटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्या असणाऱ्यांनी हा अनुभव जसाच्या तसा लागू करू नये. त्यांची यंत्रणा आणि तेल दोन्ही वेगळी असतात.

एकूण बिल १०,४०० रुपये झाले. आता ताशी ६० च्या पुढे लॉकअप लागताना काटा किंचित खाली बसतो, वाघबीळाच्या चढावर गाडी गिअर शोधत राहत नाही आणि मागील दोन टाक्यांचे ॲव्हरेज साडेबारा भरले.

तक्रारीच्या जागा आहेत. एका दिवसाचे काम तीन दिवस चालले, कारण थर्मोस्टॅट बाहेरून मागवावा लागला आणि ते आधी सांगितले गेले नाही. दुसऱ्या तेलबदलाचा खर्चही सुरुवातीच्या अंदाजात नव्हता. गल्ली अरुंद असल्याने गाडी सकाळी नऊपूर्वी नेलेली बरी. सकाळच्या पहिल्या रिव्हर्सला हलका धक्का अजून जाणवतो. तो इंजिन माउंटिंगचा (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांचा) असावा असा मिस्त्रींचा अंदाज आहे आणि त्यांनी पुढच्या महिन्यात गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवायला सांगितले आहे, म्हणजे सकाळी थंड असतानाच ती तपासता येईल.