एका फ्लॉपीवर काय चालवायचं: विंडोज १ की कोलिब्री?

जुना पीसी घरात आहे, फ्लॉपी ड्राइव्ह चालू आहे आणि हार्डडिस्क न लावता खिडक्या-आयकॉनवाली सिस्टिम उघडायची आहे, तर माझ्या मते खरी निवड दोनच नावांत आहे: विंडोज १.०१ आणि कोलिब्रीओएस. दिसणं, वेग वगैरे नंतर. आधी बघा, सिस्टिम फ्लॉपीला किती वेळा हात लावते.

कारण आपली हवा. ठाण्यात खाडीच्या बाजूला, वाशी-नेरूळकडे तर विचारूच नका, चार पावसाळे कपाटात काढलेल्या फ्लॉपीला बुरशी धरते. धातूची झडप सरकवा, मागची गोल चकती बोटाने हळूच फिरवा आणि आतली डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. राखाडी ठिपके किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका. ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाला, घाण चिकटली की पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लागते.

विंडोज १.०१ नोव्हेंबर १९८५ची. २५६ केबी मेमरी आणि दोन फ्लॉपी ड्राइव्ह एवढ्यावर ती चालायची. तेवढ्यात भागवायला ती प्रोग्रामचे तुकडे मेमरीतून काढून टाकते आणि लागले की डिस्कवरून पुन्हा वाचते. पेंटमधून कॅल्क्युलेटरवर जा, परत या, ड्राइव्हचा दिवा पेटतोच. मेमरी ६४० केबी असेल तर हे कमी होतं. ती डॉस या जुन्या सिस्टिमवर चालते, आणि थोडी काटछाट करून डॉससकट १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत बसवता येते. डॉस किमान ३.३ हवं, कारण ही फ्लॉपी तिथपासून ओळखली जाते. माउस सीरियल पोर्टला लागणारा घ्या, १.०१ला पीएस/२ (गोल पिनचा) माउस कळत नाही. एवढं सगळं करायचं ते कशासाठी? इथे खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, शेजारी शेजारी जागा वाटून घेतात. ते खऱ्या जुन्या मशीनवर हलताना बघणं मला फार मोलाचं वाटतं.

कोलिब्री त्या काळातली नाही. २००४मध्ये ती मेन्युएटओएस या दुसऱ्या छोट्या सिस्टिमपासून वेगळी झाली, असेंब्लीत (प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत) लिहिलेली आहे आणि एका फ्लॉपीत मावते. सुरू होताना ती फ्लॉपीवरचं सगळं मेमरीत ओढून घेते. डिस्कचे मिनिटाला ३०० फेरे, दोन्ही बाजू मिळून १६० ट्रॅक (डेटाची वर्तुळं), एका फेऱ्यात एक, म्हणजे पूर्ण डिस्क वाचायला ३२ सेकंद तरी हवेतच. प्रत्यक्षात जास्त लागतात. मग फ्लॉपी काढून ठेवली तरी चालतं. मात्र ते एक वाचन स्वच्छ व्हावं लागतं, आणि बदल टिकवायचे तर ते आठवणीने फ्लॉपीवर साठवावे लागतात. पेंटियम आणि ८ एमबी रॅम हवी.

विंडोज ३.१ एका फ्लॉपीवर कोंबण्याच्या नादी लागू नका, प्रोग्राम मॅनेजरपलीकडे फारसं काही उरत नाही. क्यूएनएक्स या आणखी एका सिस्टिमची १९९९ची डेमो फ्लॉपी कमाल आहे, १.४४ एमबीत चक्क ब्राउझर, पण आजच्या सुरक्षित साइट्स त्यात उघडत नाहीत.

मशीन २८६ प्रोसेसरचं किंवा त्याआधीचं असेल तर विंडोज १च घ्या. पेंटियम असेल आणि हाताशी एखादीच चांगली फ्लॉपी असेल तर कोलिब्री. पेंटियमवरही विंडोज १चाच हट्ट असेल, तर ड्राइव्हच्या जागी गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा पेनड्राइव्हचा डबा, बसवा: तीच ३४ पिनांची पट्टी-केबल लागते, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) घातलं की फ्लॉपीची इमेज, म्हणजे तिची फाइलरूपी प्रत, थेट पेनड्राइव्हवरून चालते, आणि पेनड्राइव्हला बुरशी धरत नाही.