कुत्रं ‘रेसिडेन्शियल ट्रेनिंग’ला पाठवताय? आमच्या हरणीचं काय झालं ते आधी वाचा

फ्लॅटमध्ये कारवानी, बीगल, पॉइंटर असलं पळणारं कुत्रं असेल आणि आवरत नाही म्हणून महिना-दीड महिना कुठल्यातरी फार्मवर पाठवायचा विचार चालू असेल तर थांबा. फार्मचं नाव लिहीत नाही, ग्राहक आयोगात तक्रार केलीय आणि वकिलांनी नको सांगितलंय. तसंही एक नाव कळून काय होणार, असले फार्म पुण्याच्या चारी बाजूंना निघालेत आणि सगळ्यांची बोलायची पद्धत एकच.

आमची हरणी कारवानी. कर्नाटकात मुधोळ म्हणतात तीच जात. जत भागात मामांच्या वस्तीवर झालेली, तिथं ही कुत्री रानात मोकळी असतात. लोकांना वाटतं हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रं, म्हटलं की दिवसभर धिंगाणा, तर तसं अजिबात नसतं, सकाळी वीसेक मिनिटं जीव तोडून मोकळं पळू द्या, मग ही बया दिवसभर सोफ्यावर पाय वर करून झोपते. प्रश्न ‘मोकळं’ या भागाचा आहे. पट्ट्याला धरून तासभर सोसायटीला चकरा मारल्या तरी तिचं काहीच होत नाही, ती नुसती तापते, आणि मग संध्याकाळी उशांचा कापूस घरभर. त्यात ही कुत्री डोळ्यांनी शिकार करणारी, मांजर दिसलं की कान बंद, तुम्ही हाका मारत बसा. आणि साधा पट्टा घातला तर डोकं मानेपेक्षा बारीक असल्यामुळं सरळ मागं सरकून काढून टाकतात. हरणीनं भर रस्त्यात तेच केलं, रिक्षावाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या नावानं रोज काहीतरी यायला लागलं तेव्हा नवरा म्हणाला आता प्रोफेशनल माणूस बघू.

इन्स्टावर हा फार्म सापडला. मुळशीकडं, मागं डोंगर, हिरवळ, कुत्री तळ्यात पोहतायत. फोनवर माणूस इतका गोड की काय सांगू. “ताई, मुधोळ तर आता आर्मीत आहेत, आम्ही त्याच पद्धतीनं तयार करतो.” आता मेरठच्या आर्मी सेंटरनं २०१६ मध्ये मुधोळ कुत्री नेली हे खरंय, पोस्टानं २००५ मध्ये या जातीचं तिकीटही काढलंय, पण त्याचा आणि याच्या पत्र्याच्या शेडचा काय संबंध! असं एक खरं वाक्य पुढं ठेवायचं आणि त्याच्यामागं बाकी सगळं सोडून द्यायचं ही यांची पद्धत. रोज दहा किलोमीटर पळवू, मोकळं सोडून हाक मारली की परत येईल याची लेखी गॅरंटी, आणि दर रविवारी व्हिडिओ. चाळीस हजार, त्यातले पंचवीस आधी. आणि एक अट, सुरुवातीचे काही आठवडे भेटायला यायचं नाही, कारण मालक दिसला की ट्रेनरशी बाँडिंग तुटतं.

सगळी मेख त्या अटीत आहे.

मे संपता संपता हरणीला सोडून आलो. पहिल्या रविवारी व्हिडिओ आला, हरणी लांब दोरीवर मस्त पळतेय. दुसऱ्या रविवारी बसतेय, थांबतेय. आम्ही खूश, मामांना फॉरवर्ड, सगळ्यांना फॉरवर्ड. जुलैमध्ये एका रविवारी सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला, चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाल्या, “अगं, हे मुळशीतच ना? मग गवत वाळलेलं कसं? आणि ही पळतेय तर मागं धुरळा उडतोय बघ.” आमच्याकडं तेव्हा सलग आठवडाभर पाऊस, मुळशीत तर विचारूच नका, रस्ते वाहून चाललेले. मग जुने व्हिडिओ एकापुढे एक लावून बघितले तर सगळ्यात सावली एकाच बाजूला, कोपऱ्यातली निळी बादली तिथंच, ट्रेनरचा टी-शर्ट तोच. सोडून आलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका बैठकीत सगळं शूट करून ठेवलेलं आणि दर रविवारी एक तुकडा पाठवायचा. फोन केला तर “ताई, नेटवर्क नसतं ना इथं, अपलोड उशिरा होतं.”

न सांगता गेलो. हिरवळ होती, पण ती गेटपासून ऑफिसपर्यंत. मागं पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, खाली ओला सिमेंटचा कोबा आणि वीसएक कुत्र्यांमागं एक पोरगा. बिचारा घाबरून खरं बोलला, पिंजरा धुवायच्या वेळी बाहेर काढतो तेवढंच, पळवायला माणूसच नाही. तेवढ्यात मालक आला आणि त्यानं आमच्यासमोर हरणीला बाहेर काढून बस-ऊठ-थांब करून दाखवलं. केलं तिनं. हातात बिस्किट होतं आणि ती उपाशी होती, उपाशी कुत्रं कुणाचंही ऐकतं. वर मला म्हणतो, बारीक दिसते कारण हाउंड असतातच बारीक.

हे नीट समजून घ्या कारण या वाक्यात भलेभले फसतात. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं नॉर्मल आहे, कमरेची हाडंही थोडी दिसतात, पण मांडी हाताला दगडासारखी लागली पाहिजे. हरणीची मांडी मऊ पडलेली, पाठीचा कणा वर आलेला. २४ किलोची कुत्री १९ वर. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी नखं बघितली. मातीत, रस्त्यावर रोज पळणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, हिची वाढून वाकडी झालेली, म्हणाल्या दहा किलोमीटर सोडा, ही दहा मिनिटंही पळत नव्हती. कोपरांवर केस जाऊन काळे घट्टे, ते सिमेंटवर पडून राहिल्यामुळं. शेपटीचं टोक फाटलेलं, ही शेपटी लांब आणि चाबकासारखी बारीक, पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून आपटून फुटते आणि भरता भरत नाही, बँडेज बांधलं की झटक्यात उडवून लावते आणि भिंतींवर रक्ताचे शिंतोडे. वरून गोचिडांचा ताप, प्लेटलेट पार खाली, महिनाभर डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या. उपचाराचा खर्च फार्मच्या फीच्या वर गेला.

पैसे मागितले तर ॲग्रीमेंट दाखवलं, आजारपणाची जबाबदारी मालकाची. पोलिसांत जायचं म्हटलं तर प्राण्यांच्या छळाचा १९६० चा कायदा आहे, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास. आणि कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला आपल्याकडं कुठली सरकारी परीक्षा नाही, बोर्ड लावला की झाला ट्रेनर. म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करून आधी तक्रार नोंदवली, मग जिल्हा आयोगात ऑनलाइन केस टाकली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पुरावा म्हणून पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट, डॉक्टरांचा वजनासकट रिपोर्ट आणि ते धुरळ्याचे व्हिडिओ. तारखा पडतायत.

कुणाला खरंच पाठवायचंच असेल तर व्हिडिओ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागा, नुसता व्हिडिओ पाठवला की शूटिंगची तारीख-वेळ निघून जाते. त्याहून बरं म्हणजे आपल्याला वाटेल तेव्हा लाइव्ह कॉल. सोडताना वजनाची चिठ्ठी घ्या, नखांचे आणि कोपरांचे फोटो काढून ठेवा. भेटायला यायचं नाही म्हणाला की विषय संपला, तिथून उठायचं.

आता आम्ही घरी येणारे एक ट्रेनर लावलेत, ते हरणीपेक्षा आम्हालाच जास्त शिकवतात. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा घेतला, पंधरा मीटरची दोरी घेतली. जवळच्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्याला पटवलंय, चारी बाजूंनी जाळी, सकाळी सहाच्या आत कुणी नसतं, थोडे पैसे घेतो आणि शी उचलायची अट. तिथं काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून फिरवायची, हरणी तिच्यामागं अशी सुटते की बघत राहावं. मांडी भरत आलीय. मांजर दिसल्यावर अजूनही ऐकत नाही, आणि ट्रेनर सरळ म्हणतात की याची गॅरंटी कुणी देऊ शकत नाही.

तुमचं कुत्रं आत्ता असल्या एखाद्या फार्मवर असेल तर फोन न करता जा. शक्यतो दुपारी दोनच्या सुमाराला जा, मालक जेवायला गेलेला असतो आणि शेडपाशी फक्त पोरगा असतो.