वेंगुर्ल्याच्या दुकानातले गिनी-बिसाऊचे काजूगर
परवा वेंगुर्ल्यात एका छोट्या काजू कारखान्याच्या दुकानातून गर घेतले, अर्धा किलो गावठी, अर्धा आफ्रिकन. दुसरी बी गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाची आहे हे काकांनी न विचारताच सांगितलं, फार आवडलं मला. १९७४ पर्यंत गिनी-बिसाऊ पोर्तुगिजांकडे होता, वस्ती २० लाखांच्या आसपास, निर्यात जवळपास सगळी काजूचीच आणि तीपण बहुतेक कच्ची बी, भारत नाहीतर व्हिएतनामला, म्हणजे फोडणं सोलणं आणि त्याची मजुरी इकडे, तिथल्या शेतकऱ्याला फक्त बीचा भाव, वर १९८०, २००३, २०१२ ला लष्कराने सरकारं उलथवली, वाईट वाटतं खरंच. चवीला आपला गावठीच गोड, पण वाटपाला, उसळीला आफ्रिकन मस्त लागतो. तुकडे जरा जास्त निघाले. दोन्ही पाकिटं घ्याच.